आधी यादी, मग स्कॅनर

जुन्या दप्तराचा रुमाल सोडला की आधी धूळ उठते, मागून वेखंडाचा वास येतो. तांबड्या खारव्याचे चौकोनी फडके, त्याची चार टोके एकमेकांवर आणून मारलेली गाठ, आत सुतळीने बांधलेली पुडकी आणि पुडक्यांत घड्या घातलेले कागद. काही वीतभर रुंदीचे, काही एकाखाली एक चिकटवत नेलेले बंद. उलगडले तर टेबलावर मावत नाहीत. बंदाच्या सांध्यावर पाठीमागून शिक्का उमटवलेला असतो, मधला तुकडा काढून कुणी दुसरा चिकटवू नये म्हणून. घडीच्या पाठीवर बारीक अक्षरात पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. असा रुमाल ज्या क्रमाने बांधला गेला त्याच क्रमाने, ज्या घरातून आला त्या घराच्या नावानिशी जपायचा आणि त्यात काय आहे ते लोकांना सांगायचे, हे इतिहास मंडळाचे पहिले काम. सभागृह, तैलचित्रे, व्याख्यानमाला त्यानंतर.

या कामाचा पहिला अर्धा भाग आपल्या मंडळांनी शंभर वर्षे मोठ्या निष्ठेने केला. दुसरा राहून गेला आहे. आणि आता मदत येते ती बहुधा स्कॅनिंगच्या नावाने, मग ती सरकारची असो की कंपन्यांच्या सामाजिक निधीतली. इतकी लाख पाने डिजिटल झाली ही बातमी होते. अमुक घराण्याच्या दप्तराची यादी छापून झाली ही होत नाही. माझे म्हणणे असे आहे की रुमालवार यादी तयार होऊन ती सर्वांसमोर ठेवल्याखेरीज कोणत्याही मंडळाला स्कॅनिंगसाठी सार्वजनिक पैसा देऊ नये. तो पैसा आधी मोडी, म्हणजे या कागदांची जुनी जोडलिपी, वाचणाऱ्या माणसांच्या पगारावर खर्च व्हावा.

याची कारणे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या इतिहासातच सापडतात. ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे यांनी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साथीने हे मंडळ काढले. त्या वेळी मराठेशाहीच्या कागदांचा सर्वांत मोठा साठा, पेशवे दप्तर, इंग्रज सरकारच्या कुलपात होता. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने लोकांच्या इनामांची चौकशी करताना गोळा केलेले कागदही त्यातच जमा झालेले. १८९१ पासून या दप्तराला पुण्यात स्वतंत्र इमारत होती, पण अभ्यासकाला तिथे मोकळा प्रवेश नव्हता. म्हणून सरकारच्या हाती न लागलेले कागद, देशमुख-देशपांड्यांच्या माळ्यावरचे, मठांतल्या पेटाऱ्यांतले, सरदारांच्या वाड्यांतले, शोधायचे ठरले. वाट आधीच पडलेली होती. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांचे दप्तर १८९७ पासून छापत होते. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, आणि पुढे ते खंड बावीस झाले.

मग मंडळाने वेगळे काय केले? एकेकट्या संशोधकाच्या हातून न होणाऱ्या गोष्टी केल्या. पाक्षिक सभा घेतली: कागद सापडला की तो चार जाणत्यांपुढे वाचायचा, वाचन चुकले असेल तर तिथल्या तिथे कुणीतरी हटकायचे. सभेत वाचलेले मंडळाच्या वृत्तांमध्ये आणि त्रैमासिकात छापले. आणि कागद एका माणसाच्या घरी न राहता संस्थेच्या जागेत राहिला, म्हणून त्या माणसाच्या मागेही टिकला. दत्तो वामन पोतदारांनी संस्था चालवली, ग. ह. खऱ्यांनी मोडीबरोबर फारसी कागदही लावून दिले. सुमारे १५ लाख कागद आणि हजारोंनी पोथ्या आज तिथे आहेत. राजवाडे स्वतः मतभेद होऊन मंडळापासून दूर गेले, त्यांचा शेवटचा काळ धुळ्यात गेला आणि ३१ डिसेंबर १९२६ ला ते तिथेच वारले. पण त्यांच्या जाण्याने पुण्यातले काम थांबले नाही. धुळ्यातही भास्कर वामन भट आणि इतर मित्रांनी राजवाड्यांच्या मागे राहिलेले कागद सांभाळायला त्यांच्याच नावाने संशोधन मंडळ उभे केले. संस्था असली की काय होते ते यावरून कळते.

पण त्याच पिढीच्या पद्धतीत एक उणीव होती आणि तिचा भार अजून आपल्यावर आहे. कागद मिळाला की नक्कल करायची, जमले तर अस्सल ठेवून घ्यायचे, नाहीतर घरी परत द्यायचे. छापताना 'अमुक गावच्या अमक्यांकडून' एवढी नोंद. रुमालाचा क्रमांक नाही, पुडक्याचा नाही. त्यामुळे छापील खंडांतल्या कित्येक पत्रांचे अस्सल आज हाती येत नाही आणि वाचनाबद्दल शंका आली तर पडताळून पाहायला जागा उरत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात. ओळ आधी आखून घेऊन तिला अक्षरे लगटत जातात. गावाचे किंवा माणसाचे नाव एकदा चुकीचे लागले की ते तसेच पुस्तकातून पुस्तकात जाते.

दुसरी उणीव निवडीची. मोहिमा, तह, वकिलांची पत्रे आधी छापली गेली. त्या काळी ते स्वाभाविकच होते, राष्ट्राचा इतिहास उभा करायचा होता. सरकारी बाजूनेही तेच झाले: पेशवे दप्तर अखेर उघडले तेव्हा गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ एवढ्या थोड्या वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड काढले. काम अफाटच. पण निवड म्हणजे निवडणाऱ्याची नजर. किल्ल्याच्या तटाच्या दुरुस्तीचा हिशेब, दुष्काळात दिलेली तगाई, गावच्या महजरावर, म्हणजे सर्वांनी मिळून केलेल्या निवाड्याच्या कागदावर, पाटलाने काढलेला नांगर आणि न्हाव्याने काढलेला आरसा, हे मागे राहिले. शेतीचा, पाण्याचा, बलुत्याचा, बायकांच्या वतनाचा इतिहास लिहायला आज ज्याला कागद हवे आहेत, त्याला छापील खंडांतून पुरेसे मिळत नाहीत. ते न छापलेल्या रुमालांत आहेत, आणि कोणत्या रुमालात ते सांगणारी यादी अपुरी आहे.

कागद कुठून आला ही नोंद एवढी महत्त्वाची का, ते एका उदाहरणाने दाखवता येते. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ चा, असे पूर्वी धरले जाई. भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. शके १५४० ते १६१९ पर्यंतच्या घडामोडी तीत सालवार टिपलेल्या. दयाजी सर्जेराव जेधे देशमुखांकडून ती लोकमान्य टिळकांकडे आली आणि १९१६ मध्ये टिळकांनी ती मंडळाच्या चतुर्थ संमेलनाच्या वृत्तात छापली. तीत जन्माची तिथी आहे फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्ल संवत्सर, शुक्रवार. पुढे तीच तिथी परमानंदाच्या शिवभारतात मिळाली, राजस्थानात सापडलेल्या एका जन्मकुंडलीतही मिळाली. मावळातले देशमुखाचे घर, संस्कृत काव्य आणि दूर राजस्थानातला ज्योतिष्यांचा संग्रह: तीन ठिकाणे एकमेकांपासून इतकी लांब, की एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असे म्हणणे कठीण. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य सरकारने अधिकृत म्हणून स्वीकारली ती या पुराव्यावर.

आता समजा, ती शकावली कुठल्याशा हार्डडिस्कवर 'आयएमजी ४४१७' या नावाची एक प्रतिमा म्हणून पडली असती. अक्षर तेच, तिथी तीच. पण ती कारीच्या जेध्यांकडची हे कुठेच लिहिलेले नसते, तर ती स्वतंत्र पुरावा आहे की कुणी शिवभारतावरून केलेली टिपणे आहेत हे कशावरून ठरवणार? पुराव्याचे अर्धे वजन कागदावरच्या मजकुरात असते, उरलेले त्याच्या मुक्कामाच्या नोंदीत. कॅमेरा पहिले टिपतो. दुसरे माणसालाच लिहावे लागते.

याच तिथीत आणखी एक गोष्ट आहे, जी यादी करणाऱ्याला पहिल्या दिवशीच शिकवावी लागते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकलेले गणित. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि फाल्गुनात संपते. जानेवारी उजाडल्यापासून पाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. पानिपतचेही तसेच. पौष शुद्ध ८, शके १६८२ ला आंधळेपणाने ७८ मिळवले तर लढाई १७६० च्या जानेवारीत जाते, प्रत्यक्षात ती १४ जानेवारी १७६१ ची. संगणकावरच्या तक्त्यात कुणी 'शक अधिक ७८' असे सूत्र घालून ठेवले की जानेवारी ते पाडवा या काळातला प्रत्येक कागद एक वर्ष मागे सरकतो, आणि ही चूक हजारो ओळींत एकदम पसरते. त्यात एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. म्हणून तारखेचे घर साध्या मजकुराचे ठेवावे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहावे म्हणजे क्रम लावता येतो, आणि मूळ तिथी कागदावर आहे तशी शेजारच्या घरात ठेवावी. आपल्याकडे शिवकालातल्या तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीने देण्याचा प्रघात आहे. त्या काळात ग्रेगोरियन दिनदर्शिका १० दिवस पुढे होती. १९ फेब्रुवारी १६३० म्हणजे त्या हिशेबाने १ मार्च. कोणती पद्धत वापरली ते यादीच्या माथ्यावर लिहिलेच पाहिजे.

शुहूर सन, म्हणजे अरबी अंकनावांनी लिहिले जाणारे दप्तरी वर्ष, घातलेले कागद सर्वांत जास्त, आणि चुकाही तिथेच जास्त. हे वर्ष मृगाला बदलते, म्हणजे मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला. त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १, ६०, १०० आणि १००० मिळून ११६१, पानिपतचे साल. सितैन हे साठ, सबैन सत्तर आणि सीत नुसते सहा. घाईच्या हातचा शब्द असेल तर यांत गोंधळ होऊन दशकच्या दशक हलते. त्याहून कठीण ते पत्र, ज्यावर साल नाहीच, नुसते 'छ ७ रबिलावल' आहे. छ म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याची तारीख. असे पत्र हाती आले की आधी त्यात नावे आलेल्या माणसांच्या हयातीवरून आणि हुद्द्यांवरून सालांची शक्यता आखायची, वार दिला असेल तर जंत्रीत त्या प्रत्येक सालासाठी ती तारीख कोणत्या वारी येते ते पाहायचे, आणि मग त्याच पुडक्यातली शेजारची पत्रे पाहायची. शेजार शाबूत असेल तर बहुतेक वेळा साल लागते. पुडके विषयवार फोडले असेल, किंवा स्कॅनिंगला नेताना कागद वरखाली झाले असतील, तर त्या पत्राचे साल लागण्याची संधी गेली. पाठीवरची पैवस्तीची तारीख लिहिल्याची तारीख म्हणून उतरवणे ही नवख्याची नेहमीची चूक. दोन्हींमध्ये आठवड्यांचे अंतर असू शकते, आणि मोहिमेच्या काळात ते अंतर हाच इतिहास असतो.

स्कॅनिंगवाल्यांचा मोठा दावा वेगाचा असतो. तो खरा आहे, पण सगळा हिशेब मांडून पाहावा. १५ लाख कागद धरू. पाठ सोडून चालत नाही, कारण पत्ता आणि पैवस्ती पाठीवर; म्हणजे ३० लाख प्रतिमा. ए-फोर आकाराचा कागद ४०० डीपीआयला रंगीत, न दाबता साठवला तर एक प्रतिमा साधारण ४६ एमबीची. ३० लाखांचे झाले १३८ टीबी. एक प्रत म्हणजे प्रतच नव्हे, दुसरी वेगळ्या गावात हवी. म्हणजे २७६ टीबी. हार्डडिस्क पाच-सहा वर्षांत बदलाव्या लागतात, आणि बदलताना प्रत्येक फाइल बिघडली नाही ना हे तपासावे लागते. हा खर्च दर पाच वर्षांनी येत राहणार. पहिल्या अनुदानात तो कुणी धरत नाही. ठेकेदाराला पैसे पानामागे मिळतात, त्यामुळे घाई. घडीत दडलेली ओळ तशीच राहते. लांब बंद तुकड्यांनी टिपला जातो आणि दोन तुकड्यांत एकमेकांवर येणारा भाग सोडलेला नसतो, म्हणून सांध्यावरची ओळ दोन्हींत अर्धी. मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवलेली नसते. आणि शेवटी हाती येतात ३० लाख निनावी चित्रे, ज्यांत एक महजर शोधायचा तर सगळी उघडत बसावे लागते. रुमालात निदान सुतळी होती.

यादीचा हिशेब असा. सराईत मोडी वाचक एका दिवसात ३० कागदांचा दोन ओळींचा सारांश तारखेसह करू शकतो असे धरले, तर पाच वाचकांचे दिवसाला १५० होतात. १५ लाखांना १०,००० दिवस, वर्षाचे कामाचे २५० दिवस धरले तर ४० वर्षे. हाच आकडा दाखवून यादीचा विषय बाजूला टाकला जातो. पण पहिल्या फेरीत प्रत्येक कागद वाचायचाच नाही. रुमाल हे माप धरायचे. रुमालात सरासरी ५०० कागद असतील तर ३,००० रुमाल झाले. वाचकाने अर्ध्या दिवसात एक रुमाल पाहायचा: कागद मोजायचे, सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत अलीकडची तारीख काढायची, घराणे आणि गावे टिपायची, पत्रे किती, हिशेब किती, सनदा-महजर किती याचा अंदाज घ्यायचा, वेगवेगळ्या पुडक्यांतले दहा कागद नीट वाचायचे, कसर आणि ओल पाहायची, आणि रुमाल होता तसा बांधायचा. पाच जणांचे दिवसाला दहा रुमाल. तीन हजारांना ३०० दिवस, म्हणजे सव्वा वर्षाच्या आत. वाचकाला महिना ४० हजार रुपये धरले तरी पंधरा महिन्यांचा पगार ३० लाख. राज्यातल्या सर्वांत मोठ्या मंडळांपैकी एकाचे हे काम. जिल्ह्याच्या मंडळाला याचा दहावा हिस्साही लागणार नाही.

दुसऱ्या फेरीत कागदवार जायचे, पण मागणीप्रमाणे. अभ्यासकाने रुमाल मागितला की तो रुमाल कागदवार यादीच्या रांगेत पुढे आणायचा. प्रत्येक कागदाला तीन भागांचा क्रमांक: रुमाल, पुडके, कागद. तो मऊ पेन्सिलने, कोऱ्या कोपऱ्यात, दाब न देता लिहायचा. शाई नको, चिकटपट्टीची चिठ्ठी तर मुळीच नको. गावाचे नाव दोनदा नोंदवायचे. एकदा कागदावर आहे तसे, मौजे-तर्फ-प्रांतासह, आणि एकदा आजचा तालुका-जिल्हा आणि जनगणनेतला गावाचा क्रमांक घालून. एकाच नावाची दहा गावे असतात. क्रमांकाने तो घोळ मिटतो आणि कारीच्या शाळेतल्या शिक्षकालाही आपल्या गावचे कागद कुठे आहेत ते एका शोधात कळते. वाचकाने जिथे अक्षर लागले नाही तिथे लागले नाही असे लिहायचे. अंदाजाने भरलेले नाव रिकाम्या जागेपेक्षा वाईट. त्यानंतर स्कॅनिंग करावे, आणि फाइलचे नाव तोच तीन भागांचा क्रमांक असावा.

काही कागद मात्र यादीची वाट पाहू शकत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. भिजलेले, बुरशी धरलेले, हात लावताच तुटणारे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, त्या शहराला हे वेगळे सांगायला नको. असे कागद आधी कॅमेऱ्यापुढे न्यावेत. पण प्रत्येक प्रतिमेच्या चौकटीत रुमाल आणि पुडक्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी तेव्हाही हवीच. मोडी वाचणारी यंत्रणा येईल आणि याद्या आपोआप होतील असेही सांगितले जाते. यंत्राला शिकवायला आधी माणसाने अचूक वाचलेले हजारो कागद लागतात. ते कुठून येणार? हे घर कुणाचे, हे पुडके कुणी बांधले, हे यंत्राला कागदावर दिसणार नाही.

यादी उघडी केली तर भांडणे होतील, ही भीती जास्त खरी आहे. वतनाचे आणि इनामाचे कागद आजही जमिनीच्या दाव्यांत वापरले जातात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या नोंदींचे महत्त्व घरोघरी कळले आणि जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. त्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो, नोंदी कुठे आहेत ते माहीत नसल्याने आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्याने किती धावपळ होते हे सर्वांनी पाहिले. बंद यादीमुळे भांडण टळत नाही. ज्याची आत ओळख आहे त्यालाच कागद मिळतो, एवढेच होते. आणि चोरीचे काय? यादीत नसलेला कागद चोरीला गेला तर संस्थेला तक्रारही करता येत नाही. तो आपल्याकडे होता याचा पुरावाच नसतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ७५ वर्षांहून जुना ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज येतो, पण त्या संरक्षणाचा उपयोग व्हायला क्रमांक आणि वर्णन लागते.

सरकारी व्याख्यांतही एक खाच आहे आणि ती मंडळांनी एकत्र येऊन दाखवून दिली पाहिजे. २००३ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाले, त्याने हस्तलिखिताची व्याख्या करताना फर्माने आणि महसुली कागद वेगळे काढले: हस्तलिखित म्हणजे ज्ञानग्रंथ, हे कागद ऐतिहासिक अभिलेख. पोथीला मदत, रुमालाला नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या कार्यालयांचे अभिलेख पाहतो, नोंदणीकृत संस्थेच्या ताब्यातले नाही. म्हणजे मराठेशाहीचा खाजगी घराण्यांतून आलेला साठा दोन्हीकडून बाहेर. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् अभियान जाहीर झाले, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण आणि जतन करण्यासाठी. त्यात दप्तरे धरली जावीत ही मागणी महाराष्ट्राने करायला हवी, कारण एवढी मोडी दप्तरे दुसऱ्या कुठल्या राज्याकडे नाहीत. तंजावर, बडोदा, हैदराबाद इथले मराठी कागदही त्याच रांगेत येतील. त्याच वर्षी मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्या किल्ल्यांवर किती माणसे होती, कोठारात किती दाणा होता, बुरूज कधी ढासळला, हे रुमालांतच लिहिलेले आहे.

एक गोष्ट मात्र आजच्या आज स्कॅन करावी, यादीची वाट न पाहता, आणि ती म्हणजे मंडळांची स्वतःची दाखल नोंदवही. जुन्नरी आणि दौलताबादी हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा, घोटलेला. त्यावरची काजळीची शाई पाण्याला भिते पण उजेडाला नाही. कोरडा राहिला तर तो तीनशे वर्षांनंतरही लवचीक असतो. संस्थांच्या १९१० ते १९४० च्या वह्या मात्र गिरणीच्या लाकडी लगद्याच्या कागदावरच्या, आम्ल असलेल्या. त्यांच्या कडा तपकिरी पडून पान उलटताना तुटतात, टाचण्यांच्या गंजाने भोके पडतात, आणि कुणी कळवळून लावलेली सेलोटेप दहा-पंधरा वर्षांत पिवळी होऊन अक्षरासकट सुटते. कोणत्या तारखेला कोणत्या गावच्या कोणत्या घराने किती कागद दिले, देणगी म्हणून की ठेव म्हणून, परत काय गेले, हे फक्त त्या वह्यांत आहे. शिवकालीन पत्र अजून शंभर वर्षे थांबेल. ते कुणाच्या घरातून आले हे सांगणारे पान पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेलच असे नाही.